हॅलिबर्टन देऊन साबोनिस घेतला: सॅक्रामेंटो किंग्जचं नेमकं कुठे चुकलं?

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९. मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले. समोरासमोर होते सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स. पहिला सामना शाळकरी मुलांच्या गोंगाटात पार पडला आणि पेसर्सने तो ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा, म्हणजे एका गुणाने जिंकला. दुसऱ्या दिवशीही तेच जिंकले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे यांच्यासाठी हे सामने म्हणजे घरचं कार्य होतं. त्यांचा जन्म मुंबईचा, आणि एनबीए संघाची मुख्य मालकी घेणारे ते भारतीय वंशाचे पहिले.

त्या दौऱ्यात पेसर्सच्या ताफ्यात डोमांटास साबोनिस होता, तर किंग्जकडे डिआरन फॉक्स आणि बडी हील्ड. ज्याच्यामुळे या दोन संघांचं नशीब पुढे एकमेकांत गुंतलं तो टायरीस हॅलिबर्टन तेव्हा अमेरिकेत कॉलेजात शिकत होता.

अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये, याच दोन संघांनी आपापसांत एक सौदा केला. त्यावर आजही वाद होतो. 'किंग्जने हिरा देऊन काच घेतली' असं एक बाजू म्हणते. 'त्या सौद्यामुळेच तर १६ वर्षांचा दुष्काळ संपला' असं दुसरी म्हणते. गंमत म्हणजे दोघांकडेही पुरावे आहेत. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊया.

नेमका सौदा काय होता?

किंग्जने पेसर्सला तीन खेळाडू दिले: टायरीस हॅलिबर्टन, बडी हील्ड आणि ट्रिस्टन थॉम्पसन. बदल्यात त्यांना मिळाले डोमांटास साबोनिस, जस्टिन हॉलिडे, जेरेमी लॅम्ब आणि ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीतली एक निवड.

यातली मुख्य अदलाबदल दोघांचीच, हॅलिबर्टन आणि साबोनिस यांची. मग बाकीचे कशाला? आयपीएलमध्ये ट्रेड म्हटलं की खेळाडू देऊन रोख रक्कम घेता येते. हार्दिक पंड्या गुजरातकडून मुंबईत आला तो असाच. एनबीएमध्ये हे असं सरसकट चालत नाही. पगाराची मर्यादा ओलांडलेल्या संघांना सौदा करताना दोन्ही बाजूंच्या पगारांची बेरीज साधारण जुळवावी लागते. हॅलिबर्टन तेव्हा नवोदितांच्या करारावर होता आणि वर्षाला सुमारे ४० लाख डॉलर घेत होता. साबोनिसचा पगार त्याच्या कितीतरी पट होता. ही तफावत भरून काढायला हील्ड आणि थॉम्पसन यांचे पगार तराजूत टाकावे लागले.

त्या ४० लाखांवर जरा थांबायला हवं. एनबीएमध्ये सगळ्यात किमती माल म्हणजे कमी पगारात मोठं काम करणारा तरुण खेळाडू. तो स्वस्त असतो तोवर उरलेल्या पैशांत बाकीचा संघ उभा करता येतो. हॅलिबर्टन तेव्हा २१ वर्षांचा होता आणि कारकिर्दीतला दुसराच हंगाम खेळत होता. म्हणजे पेसर्सने फक्त खेळाडू घेतला नाही, सोबत वेळही विकत घेतला.

आधी हे सांगा, पॉइंट गार्ड म्हणजे कोण?

गावाकडचं व्हॉलीबॉल पाहिलं असेल, तर लिफ्टर आठवा. टाळ्या स्मॅश मारणाऱ्याला मिळतात, पण चेंडू नेमक्या उंचीवर, नेमक्या क्षणी उचलून देणारा वेगळा असतो. लिफ्टर बदलला की तोच स्मॅशर अचानक सामान्य वाटू लागतो.

बास्केटबॉलमध्ये पॉइंट गार्डचं काम बरंचसं असंच आहे. तो चेंडू पुढे आणतो, कोण कुठे पळणार हे ठरवतो आणि मोकळ्या झालेल्या सहकाऱ्याला पास देतो. फरक इतकाच की त्याला स्वतःही बास्केट करता येते. त्यामुळे दर वेळी त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो: मी मारू की देऊ?

या प्रश्नाच्या उत्तरावरून पॉइंट गार्डचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एक स्वतः वेगाने घुसून गुण मिळवणारा. फॉक्स हा त्याचा उत्तम नमुना. दुसरा चेंडू हातात फार वेळ न ठेवता संपूर्ण संघाला पळवणारा. तो हॅलिबर्टन. पहिल्याची किंमत गुणफलकावर लगेच दिसते. दुसऱ्याची किंमत बऱ्याचदा सहकाऱ्यांच्या नावापुढे लिहिली जाते. या वादाची निम्मी मुळं इथेच आहेत.

मग किंग्जने असं केलं तरी का?

त्या वेळची परिस्थिती बघा. किंग्ज २००६ नंतर एकदाही प्लेऑफमध्ये पोचले नव्हते. सलग १६ हंगाम बाहेर. एनबीएच्या इतिहासात इतका लांब दुष्काळ कुणाच्या वाट्याला आला नव्हता. २०२१-२२ चा हंगामही ३० विजय आणि ५२ पराभवांवर संपला.

संघाकडे फॉक्स होता. २०२० मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा १६ कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला होता. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी डेव्हियन मिचेल हा आणखी एक गार्ड घेतला. म्हणजे चेंडू एक आणि तो हातात हवा असलेले तिघं. दुसरीकडे बास्केटखाली भरवशाचा उंच खेळाडू नव्हता.

साबोनिस ही उणीव भरून काढणारा होता. तो २५ वर्षांचा, दोनदा ऑल-स्टार झालेला आणि करार बाकी असलेला. उंच असूनही त्याची नजर पासरची. वेगवान फॉक्स आणि पास देणारा साबोनिस ही जोडी कागदावर तरी झकास दिसत होती.

म्हणजे किंग्जचे तेव्हाचे व्यवस्थापक माँटी मॅकनेअर यांनी झोपेत सही केली असं म्हणणं अन्यायाचं आहे. प्रेक्षकांनी १६ वर्षं वाट पाहिली होती, आणि 'अजून तीन वर्षं थांबा' असं त्यांना सांगण्याची सोय कुणाकडेच नव्हती.

आणि पहिल्या वर्षी ते बरोबरही ठरले

२०२२-२३ मध्ये किंग्जने ४८ सामने जिंकले आणि पश्चिम विभागात तिसरं स्थान मिळवलं. साबोनिसने सामन्यामागे १९.१ गुण, १२.३ रिबाउंड आणि ७.३ असिस्ट अशी कामगिरी केली आणि रिबाउंडमध्ये लीगमध्ये पहिला आला. फॉक्सला अटीतटीच्या क्षणांतल्या खेळासाठी त्याच वर्षी सुरू झालेला 'क्लच प्लेयर ऑफ द इयर' पुरस्कार मिळाला. माइक ब्राउन सर्वोत्कृष्ट प्रशिक्षक ठरले. प्रत्येक विजयानंतर स्टेडियमच्या छतावरून आकाशात जांभळा झोत सोडला जायचा. 'लाइट द बीम' ही त्या शहराची घोषणाच झाली.

प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर गतविजेते गोल्डन स्टेट वॉरियर्स होते. किंग्जने पहिले दोन सामने जिंकले. मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेली आणि तिथे स्टेफ करीने ५० गुण ठोकले. किंग्ज हरले, पण लोक खूश होते.

त्याच हंगामात पेसर्सने ३५ सामने जिंकले, ४७ गमावले. तेव्हा मतदान घेतलं असतं तर 'सौदा कोणी जिंकला' याचं उत्तर बहुतेकांनी किंग्ज असंच दिलं असतं.

मग बाजू कशी पलटली?

पेसर्सने जे केलं ते किंग्जच्या बरोबर उलट होतं, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

हॅलिबर्टन आला तेव्हा पेसर्सकडेही पॉइंट गार्ड होताच. माल्कम ब्रॉग्डन, एकेकाळचा सर्वोत्कृष्ट नवोदित. 'आमच्याकडे आधीच एक आहे' असं तेही म्हणू शकले असते. त्यांनी जुलै २०२२ मध्ये ब्रॉग्डनलाच बोस्टनला पाठवलं. बदल्यात आलेल्यांत ॲरन नेस्मिथ होता. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत त्यांनी अँड्र्यू नेम्बार्डला निवडलं. दोघंही पुढे संघाचे आधार झाले. २०२३ मध्ये हॅलिबर्टनशी पाच वर्षांचा मोठा करार झाला. जानेवारी २०२४ मध्ये तीन पहिल्या फेरीच्या निवडी मोजून टोरोंटोकडून पास्कल सियाकाम आणला.

यातली जवळजवळ प्रत्येक हालचाल एकाच प्रश्नाभोवती होती: हॅलिबर्टनच्या वेगाने पळू शकेल आणि त्याचे पास पकडू शकेल असा कोण आहे?

२०२३-२४ मध्ये हॅलिबर्टन सामन्यामागे १०.९ असिस्टसह लीगमध्ये पहिला आला. सामन्यामागे सर्वाधिक गुण करणारा संघही पेसर्सच होता. ते पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत पोचले. पुढच्या वर्षी थेट एनबीएच्या अंतिम फेरीत.

इकडे किंग्ज ४६ विजय मिळवूनही २०२४ च्या प्लेऑफमध्ये पोचले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी माइक ब्राउन यांना काढलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये फॉक्सलाच सॅन अँटोनियोला पाठवलं. त्या तीन संघांच्या सौद्यातून झॅक लव्हीन आणि काही ड्राफ्ट निवडी पदरात पडल्या. हंगाम संपताच मॅकनेअरही गेले.

'ओव्हररेटेड' म्हणवला गेलेला पॉइंट गार्ड

एप्रिल २०२५ मध्ये 'द ॲथलेटिक'ने एनबीए खेळाडूंमध्येच एक गुप्त पाहणी केली. लीगमधला सर्वात ओव्हररेटेड खेळाडू कोण? सुमारे १४ टक्के मतं घेऊन हॅलिबर्टन 'अव्वल' आला. सोशल मीडियाला आयतं खाद्य मिळालं.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय झालं ते पाहा. पहिल्या फेरीत मिलवॉकीविरुद्ध शेवटच्या क्षणी घुसून केलेला विजयी लेअप. दुसऱ्या फेरीत क्लीव्हलँडविरुद्ध सामना संपायला जेमतेम एक सेकंद असताना मारलेला तीन गुणांचा फटका. तिसऱ्या फेरीत न्यूयॉर्कमध्ये चेंडू रिंगवर आदळून वर उडाला आणि पुन्हा बास्केटमध्ये पडला. सामना बरोबरीत सुटला आणि ओव्हरटाइममध्ये पेसर्स जिंकले. अंतिम फेरीच्या पहिल्याच सामन्यात ओक्लाहोमा सिटीविरुद्ध ०.३ सेकंद बाकी असताना विजयी फटका. चार फेऱ्या, चार वेळा.

पण हे फटके बाजूला ठेवले तरी त्याची खरी किंमत दाखवणारा सामना दुसराच आहे. न्यूयॉर्कविरुद्धच्या चौथ्या सामन्यात त्याने ३२ गुण, १५ असिस्ट आणि १२ रिबाउंड नोंदवले. आणि चेंडू गमावला किती वेळा? शून्य. प्लेऑफमध्ये टर्नओव्हरची नोंद सुरू झाल्यापासून ३० गुण, १५ असिस्ट आणि १० रिबाउंड एकदाही चेंडू न गमावता कुणीच केले नव्हते.

त्या हंगामात तो सामन्यामागे ९.२ असिस्ट देत होता आणि चेंडू गमावत होता जेमतेम १.६ वेळा. हे इतकं महत्त्वाचं का? कारण गमावलेला चेंडू दोनदा महाग पडतो. आपली संधी जाते आणि समोरच्याला मोकळ्या मैदानात पळायला मिळतं. शिवाय जास्त पास देणारा सहसा जास्त चुकतोही. भरपूर पास आणि नगण्य चुका हे दोन्ही एकाच माणसात सापडणं फार दुर्मीळ आहे.

त्याच्या टीकाकारांचं सगळंच खोटं आहे असंही नाही. बचावात तो कच्चा आहे. काही रात्री तो चक्क गायब होतो. अंतिम फेरीच्या पाचव्या सामन्यात, पोटरी दुखावलेली असताना, त्याला एकही मैदानी बास्केट करता आली नाही. त्या हंगामातली त्याची सरासरी १८.६ गुणांची होती, आणि सुपरस्टार म्हणवणाऱ्यांच्या रांगेत हा आकडा लहानच दिसतो. गुण हीच एक मोजपट्टी असेल तर 'ओव्हररेटेड' हे उत्तर समजण्यासारखं आहे. फक्त मोजपट्टीच अपुरी आहे.

'आमच्याकडे आहे की पॉइंट गार्ड'

आता किंग्जच्या चुकीकडे येऊ. ती एका रात्रीतली नाही.

२०१८ चा ड्राफ्ट आठवा. किंग्जकडे दुसऱ्या क्रमांकाची निवड होती. लुका डॉन्चिच उपलब्ध होता. त्यांनी मार्विन बॅग्ली या उंच खेळाडूला घेतलं. चेंडू हातात घेऊन खेळणारा फॉक्स आहेच, मग डॉन्चिच कशाला, हा युक्तिवाद तेव्हा उघडपणे चर्चेत होता. डॉन्चिच पुढच्याच क्रमांकावर गेला आणि डॅलसचा नायक झाला. बॅग्ली चार वर्षांच्या आत किंग्जमधून बाहेर पडला.

२०२२ मध्ये हॅलिबर्टन गेला. कारण फॉक्स आहेच.

२०२५ मध्ये फॉक्सही गेला.

आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात किंग्जला बाजारात जाऊन पॉइंट गार्ड शोधावा लागला. त्यांनी तिशी ओलांडलेल्या डेनिस श्रोडरला घेतलं, मग रसेल वेस्टब्रुकला. ज्या एका जागेसाठी डॉन्चिचला सोडलं, हॅलिबर्टनला दिलं, तीच जागा शेवटी रिकामी राहिली.

२०१८ चं व्यवस्थापन वेगळं होतं, २०२२ चं वेगळं. त्यामुळे सगळं खापर एका माणसावर फोडता येणार नाही. पण विचार तोच राहिला: जागा बघायची, माणूस बघायचा नाही. घरात एक पंखा आहे म्हणून दुसरा नको, हे ठीक. पण खेळाडू पंखा नसतो. दोन पॉइंट गार्ड एकत्र बसत नसतील, तर त्यातला कोणता पुढची दहा वर्षं बाकीच्यांना चांगलं बनवेल, हा प्रश्न विचारायला हवा होता. किंग्जने विचारला तो वेगळा प्रश्न: आपल्याकडे आज कुठली जागा रिकामी आहे?

मग सौदा कोणी जिंकला?

माझं उत्तर असं. २०२२ चा सौदा मूर्खपणाचा नव्हता. साबोनिस हा खरोखरच उत्तम खेळाडू निघाला. त्याने सलग तीन हंगाम रिबाउंडमध्ये पहिलं स्थान राखलं आणि एका शहराला १६ वर्षांनी प्लेऑफ दाखवलं. त्या आनंदाची किंमत शून्य धरणारा माणूस कधी कुठल्या संघाचा चाहता नसावा.

पण किंग्जने हॅलिबर्टनचा भाव त्याच्या जागेवरून ठरवला आणि पेसर्सने त्याच्या परिणामावरून. किंग्जला तो 'जास्तीचा गार्ड' वाटला. पेसर्सला त्याच्यात अख्खा संघ दिसला. शिवाय सौदा झाल्यावर पेसर्सने पुढची तीन वर्षं त्याच्याभोवती एकेक वीट रचली. किंग्जने पहिल्या यशानंतर तेच घर जवळपास तसंच ठेवलं आणि शेजारी पुढे निघून गेले. सौदा एका दिवसात होतो, त्याचा निकाल पुढच्या दहा निर्णयांवर लागतो.

याचा उलटा पुरावाही मिळाला, आणि तो दुःखद आहे. २२ जून २०२५, अंतिम फेरीचा सातवा सामना. हॅलिबर्टनने पहिल्या काही मिनिटांतच तीन गुणांचे तीन फटके मारले आणि मग तो कोसळला. टाचेवरचा स्नायुबंध, म्हणजे अकिलीस, फाटला होता. पेसर्स मध्यंतरापर्यंत एका गुणाने पुढे होते, पण शेवटी १०३-९१ असे हरले. २०२५-२६ चा संपूर्ण हंगाम तो खेळणार नाही हे संघाने लवकरच जाहीर केलं. सेंटर माइल्स टर्नरही मिलवॉकीला निघून गेला. अंतिम फेरी गाठलेल्या या संघाने नव्या हंगामातले पहिले पाचही सामने गमावले. इतरही खेळाडू जखमी होते, त्यामुळे सगळं एकट्या हॅलिबर्टनच्या नसण्यावर टाकता येत नाही. तरीही लिफ्टर गेल्यावर स्मॅशरचं काय होतं, ते पाहायला मिळालं.

ही दुखापत सौद्याचा निकाल पुन्हा बदलेल का? अकिलीसनंतर वेग परत येतो की नाही, हा प्रश्न कुठल्याही गार्डसाठी मोठाच. पण हॅलिबर्टनचा खेळ उडीपेक्षा नजरेवर चालतो, आणि नजरेला स्नायुबंध नसतो. आशा धरायला तेवढं कारण पुरेसं आहे.

पुढच्या वेळी एखादा मोठा ट्रेड होईल, तेव्हा तासाभरात तुमच्या फीडवर 'विनर' आणि 'लूजर' लिहिलेली ग्राफिक्स येतील. शेअर करण्याआधी तीन गोष्टी बघा. जाणारा खेळाडू किती तरुण आणि किती स्वस्त आहे? तो असताना त्याचे सहकारी कसे खेळतात? आणि घेणारा संघ त्याच्यासाठी आपलं घर बदलायला तयार आहे का?

वरळीतला तो सामना एका गुणाने संपला, आणि निकाल त्याच संध्याकाळी कळला. या सौद्याचा निकाल कळायला तीन वर्षं लागली.